स्क्रॅबलसाठी, म्हणजे बोर्डावर अक्षरांच्या टाइल मांडून शब्द जुळवण्याच्या खेळासाठी, अपरिचित इंग्रजी शब्द पाठ करताना त्यांचे अर्थही पाठ करायला हवेत का? कोणत्या शब्दांपासून सुरुवात करावी?

नाही. शब्द पाठ करावेत. अर्थ मागाहून आले तर आले. अर्थ ठाऊक नसलेला शब्द लावणे म्हणजे फसवणूक, असे तुम्हाला कोणी ऐकवले असेल, तर त्याच पठडीतले एक गृहस्थ माझ्या नात्यात आहेत आणि हे उत्तर खरे तर त्यांच्यासाठीच लिहितो आहे.

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान इंग्रजी माध्यमात शिकलेले आणि मी गिरगावातल्या चाळीत वाढून मराठी शाळेत शिकलेला. गणपतीत आम्ही सारे पार्ल्याला त्यांच्या घरी जमतो आणि दुपारची जेवणे उरकली की स्क्रॅबलचा बोर्ड मांडला जातो. ‘ज्याचा अर्थ सांगता येत नाही तो शब्द लावायचा नाही’ हा त्या घरचा नियम भावोजींनीच केलेला आहे. एका वर्षी पहिली खेळी माझी होती. टाइल पाहतो तर सी, एच, ए, डब्ल्यू आणि एल, म्हणजे साक्षात चाळ! कॉलिन्सच्या स्क्रॅबल शब्दसूचीत (खेळात वैध धरल्या जाणाऱ्या शब्दांच्या यादीत) हा शब्द आहे, हे मला ठाऊक होते. सी दुप्पट गुणांच्या घरात येईल आणि एल मधल्या ताऱ्यावर पडेल अशा बेताने मी तो मांडला. पाच अक्षरांचे मिळून तेरा, सी दुप्पट झाल्याने सोळा आणि ताऱ्यामुळे सारा शब्दच दुप्पट, असे 32 गुण झाले.

भावोजींनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, “अरे, चाळ इंग्रजी कधीपासून झाली? उचल त्या टाइल.” मी म्हटले, “भावोजी, नियम अर्थाचा आहे ना? मग अर्थ विचारा.” सामायिक नळ, लांबच लांब गॅलरी, दाराबाहेर काढलेल्या चपला, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या मोजून आपला गॅस बंद करणाऱ्या बायका, हा सारा अर्थ त्या दिवाणखान्यात माझ्याइतका कोणाला ठाऊक असणार होता? तरीही शब्द नाकारला गेला, कारण तो ‘आपला’ होता. त्यानंतर थोड्याच वेळात मी क्यू आणि आय जोडून ‘ची’ हा शब्द लावला, तेव्हा मात्र तो ‘आपला’ नाही आणि त्याचा अर्थही सांगता येत नाही, म्हणून तोही उचलायला लावला. (चिनी विचारातील जीवनशक्ती, हा त्याचा अर्थ मी नंतर शोधून ठेवला आहे, भावोजींनी अद्याप विचारलेला नाही.) थोडक्यात, नियम अर्थाचा नव्हताच. इंग्रजी ही कोणाची मालमत्ता आहे, एवढाच तो वाद होता.

स्क्रॅबलमध्ये शब्द वैध आहे की नाही हे सूची ठरवते, खेळाडूची शाळा नव्हे. याचा सर्वांत मोठा दाखला न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स. 2007 साली इंग्रजी स्क्रॅबलचे जागतिक अजिंक्यपद त्यांनी जिंकले आणि ती स्पर्धा आपल्या मुंबईतच झाली होती. पुढे 2015 मध्ये, फ्रेंच बोलता येत नसताना, त्यांनी फ्रेंच भाषेतले अजिंक्यपद पटकावले आणि 2024 मध्ये स्पॅनिशमधलेही. फ्रेंच शब्दांचे अर्थ त्यांना कोणी विचारले असते, तर भावोजींच्या घरी त्यांना एकही डाव पुरा करता आला नसता.

आता कोणते शब्द, तर आधी दोन अक्षरी. संचात क्यू एकच असतो आणि त्याचे दहा गुण असतात. यू चारच असल्यामुळे शेवटी क्यू हातात अडकला तर ते दहा गुण वजा होतात. म्हणून क्यू-आय हा शब्द प्राणापलीकडे जपावा. तिप्पट अक्षराच्या घरात क्यू ठेवून आडवा व उभा असा दोन्हीकडे हा शब्द जुळला, तर बासष्ट गुण मिळतात. त्याखेरीज झेड-ए (पिझ्झाचे लघुरूप), एक्स-यू (व्हिएतनामी नाणे), ओ-ई (फॅरो बेटांकडची वावटळ), के-ए (प्राचीन इजिप्तच्या कल्पनेतील आत्मा). हातात नुसते स्वर जमले की ए-ए, म्हणजे हवाईतला खडबडीत लाव्हा, आणि ए-आय, म्हणजे स्लॉथ हा प्राणी, उपयोगी पडतात. स्वर मुळीच नसेल तर सी-डब्ल्यू-एम लावावा. वेल्श भाषेतून आलेला हा शब्द दरीसाठी आहे.

मराठी माणसाने मात्र सुरुवात आपल्या घरातून करावी, असे माझे ठाम मत आहे. लाख, क्रोर, तोळा, तालुका, हरताळ, बंद हे सारे इंग्रजी हिज्जांनिशी सूचीत आहेत. घेराव तर क्रियापद म्हणूनही आहे, म्हणजे त्याला ई-डी लावून भूतकाळही करता येतो. यू नसताना क्यू खपवायला फकीर, तलाक आणि वक्फ आहेत. सर्वांत देखणी कव्वाली: क्यू, ए, दोन डब्ल्यू, ए, एल, आय अशी नेमकी सात अक्षरे, म्हणजे हातातल्या सातही टाइल एकाच खेळीत लावल्याबद्दल पन्नास गुणांचे बक्षीस. संचात डब्ल्यू दोनच असतात, त्यामुळे दोन्ही आपल्याच हाती यायला नशीब लागते, ही गोष्ट निराळी.

अर्थाची बाजू अगदीच पोकळ आहे असे मात्र नाही. शब्द नाम आहे की आणखी काही, हे कळले तर त्यापुढे एस चालेल की नाही याचा अंदाज बांधता येतो: क्यू-आयला एस लागतो, पण जुन्या इंग्रजी बोलीतल्या, ‘मी’ अशा अर्थाच्या सी-एचला लागत नाही. दुसरे असे की कॉलिन्सची सूची आणि अमेरिकी सूची एकच नव्हे. हे सी-एच कॉलिन्समध्ये चालते, अमेरिकी सूचीत चालत नाही. म्हणून डाव मांडण्यापूर्वी सूची कोणती ते ठरवून घ्यावे, आणि आक्षेप खोटा ठरला तर आक्षेप घेणाऱ्याची पाळी जाईल, हेही सर्वांदेखत वदवून घ्यावे. समोर वडीलधारे कोणी बसलेले असतील, तर ते गुणांच्या कागदावरच लिहून, त्याखाली त्यांची सही घ्यावी.