दर्याप्रश्न : ‘कोकण’ सुरुंग शोधायचे की झाडायचे?

प्रश्न : नौदलात ‘कोकण’ नावाचे सुरुंगशोधक जहाज होते म्हणे. त्याचे काम कसे चालायचे? आता तशी जहाजे आहेत का? (एक वाचक, मिरकरवाडा, रत्नागिरी)

उत्तर : ‘कोकण’ दोन झाली. पहिले १९४२चे, ब्रिटिश बांधणीचे. दुसरे सोव्हिएत बनावटीचे, सुमारे ६१ मीटर लांब, १९८८ मध्ये दाखल झाले आणि २०१८ मध्ये निवृत्त. याच घराण्यातल्या आधीच्या तुकडीत ‘रत्नागिरी’ही होते.

पण त्याचे मुख्य काम सुरुंग शोधण्याचे नव्हे, झाडण्याचे, म्हणजे झाडू मारल्यासारखा पाण्याचा पट्टा साफ करण्याचे. ट्रॉलरवाल्याला हे चटकन कळेल. ट्रॉलरच्या फळ्या पाण्याच्या दाबाने बाहेर सरकतात आणि जाळ्याचे तोंड उघडे ठेवतात. इथे जहाजामागची वायर तशाच फळीने कडेला ताणली जाते, दुसरी फळी ती खाली दाबते, बाहेरच्या टोकाचा फ्लोट खोली राखतो. जाळ्याऐवजी वायरीवर कातरे. तळाशी नांगरून पाण्यात तरंगत ठेवलेल्या सुरुंगाची दोरी वायरीवरून घसरत कातऱ्यात येते, तुटते, सुरुंग वर येतो. मग लांबून गोळीबार करून संपवायचा. पहिल्या महायुद्धात ब्रिटनने या कामाला मासेमारी ट्रॉलरच जुंपले होते, खलाशांसकट.

भानगडी पुष्कळ. स्फोटक कातरा एकदाच चालतो. वायर खडपात किंवा बुडालेल्या गलबतात अडकते. आणि तळावर नुसत्या पडलेल्या सुरुंगाला दोरीच नसते. त्याला फसवायला मागे सोडलेल्या केबलमधून वीज खेळवून चुंबकत्व तयार करतात, शिवाय आवाजाचे यंत्र ओढतात, म्हणजे त्याला मोठे जहाज आल्याचा भास होतो. त्यातही काही सुरुंग मोजणी करतात : पहिली काही जहाजे जाऊ देतात, पुढच्याला फुटतात. म्हणून तोच पट्टा पुन्हा पुन्हा झाडायचा. जहाज स्वतः त्याच पाण्यावरून जाते, म्हणून सांगाडा कमी चुंबकत्वाच्या पोलादाचा.

खरा सुरुंगशोधक सावकाश जातो, सोनारने (ध्वनिलहरींनी पाण्याखालचे दाखवणाऱ्या यंत्राने) समोरचा तळ पाहतो, संशयास्पद वस्तू दिसली की लांबच थांबतो. केबलला बांधलेले यंत्र खाली जाऊन कॅमेऱ्याने खात्री करते, शेजारी स्फोटक ठेवून परत येते. आपल्याकडे हे काम किचकट : खाडीच्या तोंडाशी सुरुंग गाळात रुतला तर सोनारला दिसत नाही, खडपाजवळ प्रत्येक धोंडा सुरुंगासारखा वाटतो, आणि पावसाळ्याच्या गढूळ पाण्यात कॅमेरा आंधळा.

एप्रिल २०१९ मध्ये ‘कोझिकोड’ निवृत्त झाले. ‘कोकण’च्या मालिकेतले ते शेवटचे. गोव्यात १२ सुरुंगशोधक बांधायचा कोरियन कंपनीबरोबरचा बेत त्याआधीच, २०१८ मध्ये, बारगळला होता. जुलै २०२५ मध्ये संरक्षण खरेदी परिषदेने अशा जहाजांची गरज पुन्हा मान्य केली. मान्यता म्हणजे जहाज नव्हे. मधे निविदा, करार, बांधणी आहेच.

प्रश्न : जाळ्यात लोखंडी नळकांडे किंवा शिंगे असलेला गोळा आला तर? (देवगड)

उत्तर : डेकवर घेऊ नका. आधीच आला असेल तर हलवू नका, ठोकू नका, गंज खरवडू नका. माणसे दूर टोकाला पाठवा. अजून पाण्यात असेल तर जाळे कापून सोडा, जीपीएसचे आकडे लिहा, आणि व्हीएचएफ रेडिओच्या चॅनल १६ वर किंवा तटरक्षक दलाच्या १५५४ वर कळवा. बंदरात मात्र आणू नका. जाळ्याचे पैसे जातात, हे खरेच.