बेबी कॅरिअरमध्ये बाळाला पाजायचंय, कोणता घेऊ?

या वेळी कॅरिअर (बाळाला अंगाशी बांधून न्यायचं साधन), स्लिंग (त्यातलाच कापडी झोळीसारखा प्रकार) आणि अंगावर पाजणं यावरच एवढी पत्रं आलीत की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते.

प्रश्न : ताई, माझी मुलगी अडीच महिन्यांची आहे, पूर्ण अंगावरच्या दुधावर आहे आणि दीड-दोन तास झाले की मागतेच. मोठ्याला शाळेत सोडायचं आणायचं, बाहेरची कामं, सगळं मलाच बघावं लागतं. मला असा कॅरिअर हवाय की ती आत दूध पीत राहील आणि माझे दोन्ही हात मोकळे राहतील, जाहिरातीत दाखवतात ना तसं. रिंग स्लिंग घेऊ, रॅप घेऊ की बकलवाला? वाचून वाचून डोकं बधिर झालंय.

उत्तर : अगं, कोणता घ्यायचा ते सांगतेच, पण त्याआधी दोन्ही हात मोकळे ठेवून पाजण्याचं बोलूया, कारण तुझी निवड त्यावरच ठरणार आहे. अडीच महिन्यांच्या बाळाला कॅरिअरमध्ये छातीला लावून आपण दुसरं काम करत राहायचं, हे करू नकोस. कितीही महागाचा कॅरिअर असला तरी नको.

कारण असं की या वयात बाळाची मान धरलेली नसते, डोकं मात्र अंगाच्या मानाने जड असतं, आणि श्वासनलिका अरुंद आणि मऊ असते. हनुवटी छातीवर टेकली की श्वासाची वाट दुमडते. किंवा दूध पिता पिता डोळा लागतो, नाक-तोंड आपल्या छातीत नाहीतर कापडात रुततं आणि मागे सरकायची ताकद बाळात नसते. अशा वेळी ते रडत नाही, धडपडत नाही, गप्पच होतं, आणि आपल्याला वाटतं झोपलं. बाजारातल्या वस्तूंच्या सुरक्षिततेवर लक्ष ठेवणाऱ्या अमेरिकेच्या कन्झ्युमर प्रॉडक्ट सेफ्टी कमिशनने २०१० मध्ये स्लिंगबद्दल इशारा दिला तेव्हा आधीच्या २० वर्षांतले निदान १४ मृत्यू त्यांच्यासमोर होते, आणि त्यातली १२ बाळं ४ महिन्यांच्या आतली होती. ब्रिटनमध्ये २०२३ साली ७ आठवड्यांचं एक बाळ स्लिंगमध्ये दूध पीत असताना निपचित पडलं आणि तीन दिवसांनी दगावलं, आई घरातल्या घरातच वावरत होती. झोपेतल्या बाळांच्या सुरक्षिततेवर काम करणारी तिथली लल्लबाय ट्रस्ट ही संस्था आता स्पष्ट सांगते की कॅरिअरमध्ये हात सोडून पाजू नका, ४ महिन्यांच्या आतल्या बाळाला तर नाहीच. हे वाचून तुझ्या पोटात गोळा येईल मला माहितीये, पण हे तुला कॅरिअर घ्यायच्या आधीच कळायला हवं.

याचा अर्थ कॅरिअर घेऊच नको असा नाही हां. बाहेर असताना बाळ कॅरिअरमध्ये अंगाशी असतं, ओठ चाटायला लागलं, मुठी तोंडात घालायला लागलं की लगेच कळतं, रडून लाल व्हायच्या आत आपण बसून पाजू शकतो. हा फायदा मोठा आहे. फक्त पाजताना आपण थांबायचं, बसायचं, एक हात बाळाला, नजर बाळाच्या तोंडावर, आणि पिऊन झालं की परत वर. म्हणजे तुला असा कॅरिअर शोधायचाय जो पटकन सैल होतो, बाळ खाली घेता येतं, आणि परत तेवढ्याच पटकन घट्ट होतो. दुकानात बाकी काही नाही बघितलंस तरी चालेल, हे बघ.

या हिशोबाने मला तुझ्यासाठी रिंग स्लिंग बरी वाटते. एका खांद्यावरून येणारं लांब कापड, दोन रिंगांतून ओवलेलं. रिंगेपाशी कापड थोडं सैल केलं की बाळ चार बोटं खाली येतं, रिंगांतून खाली लोंबणारं कापडाचं शेपूट ओढलं की परत वर. कापड सुती किंवा लिननचं घे, विणीचं, न ताणणारं, फार गुळगुळीत नको कारण ते रिंगांतून आपोआप सरकत राहतं. रिंगा स्लिंगसाठीच बनवलेल्या, सांधा नसलेल्या धातूच्या असाव्यात, शोभेच्या रिंगा नकोत. वाईट एवढंच की सगळं वजन एका खांद्यावर येतं, बाळ वाढलं की खांदा भरून येतो आणि पहिला आठवडाभर तरी बांधणं नीट जमत नाही, तेव्हा घरी सराव कर.

बकलवाला घ्यायचा असेल तर खांद्याचे पट्टे बाळ आत असतानाच ओढता आणि सोडता येतात का ते बघ. काहींचे पट्टे ओढून घट्ट होतात पण बाळाच्या वजनाखाली सैल करायला गेलं की अडकतात, तसला तुझ्या कामाचा नाही. कमरेचा पट्टा थोडा खाली बांधला की बाळाचं तोंड आपोआप छातीच्या उंचीला येतं. बसायची जागा बाळाच्या एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत भरलेली हवी, गुडघे कुल्ल्यांपेक्षा वर, बेडकासारखे. खुब्याच्या सांध्यातल्या दोषांवर काम करणारी इंटरनॅशनल हिप डिसप्लेशिया इन्स्टिट्यूट खुब्यासाठी हीच बैठक चांगली मानते. लेबलवर कमीत कमी वजन लिहिलेलं असतं, बऱ्याच बकलवाल्यांना सव्वातीन-साडेतीन किलोच्या आसपास लागतं, आणि लहान बाळासाठी रुंदी कमी करता यायला हवी नाहीतर तान्हं बाळ आत घसरून गोळा होतं.

ताणणारा रॅप, म्हणजे अंगाभोवती गुंडाळून बांधायचं लांब कापड, पहिल्या महिन्यांत फार गोड असतो, बाळ छातीशी शांत झोपतं, पण पाजायच्या दृष्टीने तो मला पटत नाही, कारण सैल करून बाळ खाली घेतलं की तो पुन्हा घट्ट करायला अख्खा सोडून बांधावा लागतो आणि रस्त्यात ते कोण करणार, मग माणूस तसाच सैल ठेवून चालायला लागतं. रॅप घेतलास तर बाळाला बाहेर काढूनच पाज. आणि खोल पिशवीसारखी, कडेला इलॅस्टिकची, ज्यात बाळ आडवं पडून दिसेनासं होतं ती स्लिंग कुणी भेट दिली तरी वापरू नको. २०१० चा तो इशारा आला त्याच महिन्यात तसल्या लाखो स्लिंग बाजारातून परत घेतल्या गेल्या होत्या.

आता पाजायचं कसं. बस. बाळ उभंच ठेव, दोन्ही पाय तुझ्या पोटाच्या दोन बाजूंना. सैल कर, तोंड निपलच्या उंचीला येईल एवढंच खाली घे. तळहात मानेखाली आणि खांद्यांमागे, डोकं मागून दाबायचं नाही, दाबलं की नाक रुततं. बाळाची हनुवटी तुझ्या स्तनाला टेकलेली आणि नाक मोकळं असं लॅच, म्हणजे तोंडाची पकड, हवं. छाती जड असेल तर दुसऱ्या हाताने खालून आधार दे. गिळल्याचा आवाज ऐक, चेहऱ्याचा रंग बघत राहा. पिऊन झालं की झोपलेलं असलं तरी निपल तोंडातून काढ, "झोपलंय बिचारं, राहू दे तसंच" असं अजिबात नको. ढेकर काढ, वर घे, घट्ट कर. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेचंही हेच म्हणणं आहे की स्लिंगमध्ये पाजून झाल्यावर बाळाची जागा बदला, डोकं कापडाच्या वर, चेहरा दिसता, नाक-तोंड मोकळं.

चालताना मग एवढं तपासायचं की कॅरिअर घट्ट आहे, मान खाली केली की बाळाचा चेहरा दिसतो, टाळूवर पापी घेता येते, बाळाची हनुवटी आणि त्याची छाती यांमध्ये निदान एक बोट जातं आणि पाठीला पूर्ण आधार आहे. ब्रिटनमधल्या स्लिंगवाल्यांनी केलेला हा नियम आहे आणि मला तो फार कामाचा वाटतो, आरशासमोर उभं राहून केला तर दहा सेकंद लागतात.

आणि हो, लॅच अजून नीट बसत नसेल, दुखत असेल तर आधी कॅरिअरशिवाय ते जमू दे. कॅरिअरमध्ये पहिल्यांदा पाजून बघशील ते घरी, कुणीतरी सोबत असताना.

प्रश्न : सिझर होऊन पाच आठवडे झालेत. मैत्रिणीने बकलवाला कॅरिअर दिलाय पण कमरेचा पट्टा बरोबर टाक्यांवर येतो. शिवाय घातला की संध्याकाळी छातीत एका बाजूला गाठ येते. बाळाला जास्त वेळ घालते म्हणून होत असेल का?

उत्तर : वेळापेक्षा पट्टा कुठे दाबतोय ते बघा. खांद्याचा पट्टा किंवा पॅनलची (बाळाला धरणाऱ्या कापडाची) कड छातीवर एकाच जागी रुतत राहिली की तिथलं दूध नीट वाहत नाही आणि गाठ धरते. पट्टा बगलेकडे सरकवून बघा, घालायच्या आधी बाळाला पाजून घ्या म्हणजे छाती दाटलेली नसेल, आणि कॅरिअरखाली घट्ट तारेची ब्रा नको. गाठीवर जोरात चोळू नका, त्याने सूज वाढते. थंड शेक द्या, नेहमीसारखं पाजत राहा. ताप आला, छाती लाल झाली, अंग मोडून आलं तर घरगुती उपाय करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

टाक्यांचं म्हणाल तर कमरेचा पट्टा वर, बरगड्यांच्या खाली बांधून बघता येतो, पण मग बाळ फार वर जातं आणि पाजायला अवघड होतं. सध्या रिंग स्लिंग किंवा रॅप बरा, त्यात टाक्यांवर कमरेचा पट्टा येत नाही. किती वेळ, किती वजन, हे ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांनाच विचारा.

प्रश्न : बाहेर पाजताना लाज वाटते म्हणून मी कॅरिअरवरून पातळ कापड टाकते. पातळच आहे, चालेल ना?

उत्तर : नको गं. पातळ असलं तरी आत गरम होतं, आणि मुख्य म्हणजे तुला बाळाचा चेहरा दिसत नाही. रिंग स्लिंगचं शेपूटही तोंडावरून घ्यायचं नाही. त्यापेक्षा कपड्यांचं बघ, आत खाली ओढता येणारा टॉप आणि वर उचलता येणारा सैल टॉप असे दोन थर घातलेस तर वरचा थर वरून झाकतो, खालचा पोट झाकतो, आणि मध्ये बाळाचं डोकंच असतं. समोरच्याला खरंच काही दिसत नाही. भिंतीकडे किंवा कोपऱ्याकडे तोंड करून बसलीस की झालं. आणि भुकेल्या बाळाला पाजण्यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही, बघणाऱ्याला बघू दे.

प्रश्न : आमचं बाळ साडेसात महिन्यांतच झालं, आता घरी आणलंय, वजन २ किलो ३०० ग्रॅम. त्वचेला त्वचा लावून ठेवा असं हॉस्पिटलमध्ये सांगितलं होतं, मग कॅरिअर त्यासाठीच वापरला तर?

उत्तर : कांगारू केअर आणि बाजारातला कॅरिअर घालून फिरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कांगारू केअरमध्ये तुम्ही मागे रेलून जाग्या बसलेल्या असता, बाळ उघड्या छातीवर असतं आणि लक्ष पूर्ण त्याच्याकडे असतं, ते जरूर चालू ठेवा. कॅरिअर मात्र बाळाच्या डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय नको. वेळेआधी झालेल्या, कमी वजनाच्या किंवा श्वासाचा त्रास असलेल्या बाळांना उभ्या स्थितीत श्वास टिकवणं जड जाऊ शकतं. कॅरिअरमध्ये पाजण्याचा विचार तर सध्या सोडूनच द्या, बाहेर काढून मांडीवर घेऊन पाजा.

प्रश्न : मुलगा ११ महिन्यांचा आहे, आता कडेवर स्लिंगमध्ये असला की स्वतःच टॉप ओढतो आणि प्यायला लागतो. चालता चालता पाजलं तर काय होतं?

उत्तर : या वयात मान पक्की असते, नको झालं की स्वतः डोकं मागे घेतो, त्यामुळे तान्ह्या बाळाएवढी भीती नाही. तरी एक हात त्याच्या पाठीला असू दे आणि झोप लागली की सोडव. चालताना मी नाहीच म्हणेन, ठेच लागली तर त्याचे दात आणि तुझी कातडी. गॅसपाशी, गरम चहा हातात घेऊन तर कधीच नाही. गाडीत कॅरिअर कार सीटच्या जागी चालत नाही, आणि विमानात टेकऑफ-लँडिंगला बऱ्याच ठिकाणी बाळ त्यातून बाहेर काढायला सांगतात, तेव्हा त्या वेळी पाजायचं असेल तर हातात घेऊन.

प्रश्न : जावेचा वापरलेला कॅरिअर मिळतोय, घेऊ का?

उत्तर : घ्या, पण आधी उजेडात नीट बघा. खांद्याच्या आणि कमरेच्या शिवणी ओढून बघा, बकल लावताना टक् असा आवाज यायला हवा आणि झटका दिला तरी सुटता कामा नये, रिंगेवर चीर किंवा खरखरीत कड नको, कापड उजेडासमोर धरल्यावर कुठे विरळ दिसतंय का ते तपासा. कंपनीचं नाव आणि मॉडेल लेबलवर असेल तर ते परत मागवलेलं नाही ना हे ऑनलाइन शोधा, लेबलच नसेल तर सोडून द्या. मग बाळाच्या वजनाची उशी-चादरींची गुंडाळी आत बांधा, बसा, एका हाताने सैल करा, परत घट्ट करा. तुमच्या जावेची उंची-बांधा तुमच्यापेक्षा वेगळा असेल तर पट्टे तुम्हाला पुरतायत का हेही तेव्हाच कळेल.