वाड्याचं ऑफिस करताय तर चौकावर काच टाकू नका

तुमचा प्रश्न वाचला. नाशिकच्या दहीपुलाजवळचा आजोबांचा दुमजली वाडा, दहा-बारा जणांचं ऑफिस करायचंय, आणि डिझायनर म्हणतोय वाड्याच्या मधल्या उघड्या चौकावर काच टाकू, सगळीकडे एसी करू आणि आत एक व्हर्टिकल गार्डन लावू म्हणजे शांत, नॅचरल वाटेल. माझं मत विचाराल तर काच नको, आणि ती हिरवी भिंत तर अजिबातच नको.

अहो वाड्यात निसर्ग विकत आणायची गरजच नाही, चौक कशासाठी असतो मग? चारी बाजूच्या खोल्यांना उजेड तिथूनच येतो, तापलेली हवा तिथूनच वर निघून जाते आणि ओसरीतली गार हवा तिची जागा घेते. त्यावर काच टाकलीत की एप्रिल-मेचं ऊन आत कोंडणार, मग एसी बंदच करता येणार नाही, आणि भिंतीतली ओल बाहेर पडायची वाटही बुजली. पावसाच्या झडीची भीती असेल तर छपराची कड थोडी पुढे काढा, ओसरीला बांबूचे पडदे लावा, आणि मुख्य म्हणजे चौकातली मोरी आधी साफ करून घ्या. एवढ्याने भागतं.

आता भिंती. आपल्याकडच्या जुन्या भिंती विटा, पांढरी माती आणि चुना अशा असतात, त्या जमिनीतली ओल ओढतात आणि हळूहळू सोडून देतात. त्यावर कोणीतरी मधल्या काळात सिमेंटचा गिलावा चढवलेला असतोच (तुमच्याकडेही असणार, बघा). मग ओल अडकते आणि आणखी वर चढते. जमिनीपासून दोन-तीन फुटांवर अंगठा घासून बघा, पांढरी भुकटी हाताला लागली तर तो लोणा, म्हणजे ओलीबरोबर वर आलेला क्षार. अशा भिंतीवर प्लास्टिक पेंट मारला तर एका पावसाळ्यात फुगे येतात. सिमेंट हलक्या हाताने उतरवायचं, भिंत एक उन्हाळाभर सुकू द्यायची, मग चुन्याचा गिलावा आणि वर चुन्याचीच सफेदी. वेळ लागतो, कारण चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत घट्ट होतो, घाई केली की तडे जातात. आणि अशा भिंतीवर ठिबकचं पाणी रोज सोडणारं गार्डन लावायचं? झाडं चौकात कुंड्यांत ठेवा, भिंतीपासून लांब. पारिजातक, मोगरा, तुळस झकास येतात. भिंतीत पिंपळाचं किंवा उंबराचं रोप दिसलं तर ते लहान असतानाच काढा, मुळं एकदा सांध्यात शिरली की दगडही सरकतात.

लाकडाचं म्हणाल तर खांब सहसा ठणठणीत असतात, घात होतो तो तुळईच्या टोकाला, जिथे ती भिंतीत शिरते. तिथे स्क्रूड्रायव्हर टोचून बघा, ठोकून बघा, टणक वाजतं की बद्द. बद्द वाजलं तर सगळी तुळई बदलायला कोणी सांगेल, ऐकू नका. चांगला सुतार तेवढंच कुजलेलं टोक कापून जुन्या सागाचा जोड देतो. कडीपाटाखाली (लाकडी कड्या-फळ्यांच्या छताखाली) पीओपीचं फॉल्स सीलिंग मात्र करू नका, दिसायला छान, पण वर गळती आणि वाळवी चालू असते आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. वायरिंग भिंती फोडून नको, तुळईच्या कडेने धातूच्या पाइपातून न्या.

बाकी तुमचा एरिया माहितीये ना, सरस्वती नाला खालून जातो, जोराचा पाऊस झाला की दहीपूल-सराफ बाजारात पाणी, आणि 2008, 2016, 2019 ला गोदावरीने काय केलं ते सगळ्यांनी बघितलंय. त्यामुळे तळमजल्यावर फर्निचर उचलून नेता येईल असंच करा, प्लगपॉइंट वर घ्या, सर्व्हर वरच्या मजल्यावर. फाइलींची जड कपाटं वर खोलीच्या मधोमध नकोत, भिंतीलगत.

परवानगी, भाडेकरू, भाऊबंदांच्या सह्या हे वेगळं प्रकरण आहे, ते वकिलाकडूनच करून घ्या. स्ट्रक्चरल ऑडिट मात्र आधी, आणि ज्याने माती-चुन्याचं काम केलंय अशाच इंजिनिअरकडून, नाहीतर तो बघताच पाडा म्हणतो. जमलं तर एकदा चांदवडचा रंगमहाल बघून या, होळकरांचा वाडा आहे, भर दुपारी चौकात आणि आतल्या दालनात उभं राहून बघा, डिझायनरलाही सोबत न्या.

तुळईच्या टोकांचे आणि मोरीचे फोटो टाका, मग खर्चाचं बोलू.