श्रद्धा ढळली, तर मी कोण उरतो?

‘देवावर विश्वास उरला नाही, मग मी कोण, आणि जगायचे कशासाठी?’ हा प्रश्न घेऊन येणारी माणसे गोव्यात समुपदेशक म्हणून मला वरचेवर भेटतात. फोंडा तालुक्यातल्या पस्तिशीच्या एका गृहस्थांकडे (तपशील बदलले आहेत) वडिलांच्या पश्चात चवथीच्या गणपतीची पूजा आली होती. “हात जोडले तर मी खोटा ठरतो, आणि न जोडले तर या घरातला राहत नाही,” असे ते म्हणाले.

प्रथम मी त्यांची झोप, भूक, कामातला रस आणि जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार यांविषयी स्पष्टपणे विचारले, कारण सारेच निरर्थक वाटणे हे नैराश्याचेही लक्षण असू शकते आणि तेव्हा उपचारांना विलंब करून चालत नाही. तसे काही आढळले नाही. श्रद्धा गमावणे हा मनोविकार नव्हे. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या १९९४ च्या निदानपुस्तिकेतही त्याची नोंद आजार म्हणून नव्हे, तर लक्ष देण्याजोगी अडचण म्हणून आहे.

देव आहे की नाही, याचा निवाडा समुपदेशकाने करू नये, असे माझे ठाम मत आहे. नाझी छळछावण्यांतून वाचलेले व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल जगण्याला अर्थ देणाऱ्या तीन वाटा सांगत: हातून घडणारे काम, प्रेम किंवा उत्कट अनुभव, आणि अटळ दुःखाला सामोरे जाताना आपण घेतलेली भूमिका. यांतील एकाही वाटेवर आस्तिकतेची अट नाही, आणि आस्तिकालाही त्या तितक्याच खुल्या आहेत.

म्हणून मी विचारले, “चवथीतले काय सुटले तर तुम्हांला चुकल्यासारखे होईल?” ते बराच वेळ माटोळीविषयीच, म्हणजे गणपतीच्या वर बांधायच्या रानफळा-पानांच्या मांडवीविषयीच बोलत राहिले: पुतण्यांना घेऊन रानात जाणे, कांगणां नि आंबाडे ही त्यासाठीची रानफळे ओळखायला शिकवणे, वडिलांनी दाखवलेल्या पद्धतीने गाठी मारणे. ही सारी त्यांची स्वतःची, मनापासून जपलेली नाती होती आणि श्रद्धा गेल्यावरही ती जागची हलली नव्हती.

पुढे त्यांनी आईला सारे सांगितले. तिला ते फार लागले, आणि मला तिचे दुःखही तितकेच खरे वाटते. पूजा आता धाकटा भाऊ करतो, माटोळी हे बांधतात. वडिलांच्या श्राद्धाला बसावे की नाही, हे मात्र त्यांचे अजून ठरलेले नाही. सध्या आमचे बोलणे त्यावरच चालू आहे.