पवनचक्की किती दिवस नव्हे, कोणत्या दिवसांत बंद होती?

प्रश्न : सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला जाताना डोंगरावरच्या पवनचक्क्या फिरत होत्या, दोन मात्र थांबलेल्या. बिघडल्या असतील का? (निपाणी)

उत्तर : शेजारच्या फिरत असताना दोनच थांबल्या, म्हणजे दुरुस्ती किंवा सर्व्हिसिंग चालू असण्याची शक्यता जास्त. सगळ्याच थांबल्या असत्या, तर वारा सेकंदाला ३-४ मीटरच्या खाली गेला असेल किंवा उपकेंद्राची लाइन बंद असेल. वीज वाहून न्यायला लाइन नसेल तर धडधाकट चक्कीही थांबवावीच लागते.

प्रश्न : उद्यमबागेत आमचा कारखाना आहे. एका पवनचक्कीत भागीदारी घेतली. चालवणारे म्हणतात, वर्षात ९७ टक्के वेळ चक्की सुरू होती. मग युनिट कमी का? (बेळगाव)

उत्तर : वर्षाचे तास ८,७६०. त्यातले ३ टक्के म्हणजे साधारण ११ दिवस. हे ११ दिवस कधीचे, ते आधी विचारा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली ताकद आठपट होते, आणि आपल्याकडचा खरा वारा जून ते सप्टेंबरमध्येच. समजा, २ मेगावॉटची चक्की जुलैत सरासरी निम्म्या क्षमतेने चालते. एक दिवस बंद राहिली की २४,००० युनिट बुडाले. मंद वाऱ्याच्या महिन्यात ती १५ टक्क्यांवर चालत असेल, तर तोच एक दिवस ७,२०० युनिटांचा. कागदावर दोन्ही दिवस सारखेच! शिवाय लाइन बंद असल्याचे आणि ठरलेल्या सर्व्हिसिंगचे तास अनेक करारांत बंद काळात धरतच नाहीत. म्हणून तासांचा नको, बुडालेल्या युनिटांचा हिशेब मागा. भागीदार म्हणून तो विचारायला हरकत नाही.

प्रश्न : सर्वांत जास्त काय बिघडतं? (खानापूर)

उत्तर : सेन्सर, कन्व्हर्टर (तयार झालेली वीज लाइनजोगी करणारं यंत्र), वायरिंग वरचेवर बिघडतात, पण बहुधा काही तासांत काम होतं. गिअरबॉक्स क्वचित जातो, पण गेला की आठवडे जातात. पावसाळ्यात तर दुखणं दुप्पट : ज्या वाऱ्यासाठी चक्की उभारली, त्याच वाऱ्यात क्रेनला वरचं जड सामान उचलता येत नाही. मोठा वारा पडेपर्यंत हात बांधून बसायचं.

गिअरबॉक्स सहसा न सांगता जात नाही. बाटलीभर तेल काढून तपासलं की झिजलेल्या दातांचे, बेअरिंगचे लोखंडी कण त्यात सापडतात. ही तपासणी फेब्रुवारी-मार्चमध्येच करून घ्या. कण वाढलेले दिसले, तर बेअरिंग मृगाआधी बदला.