दम राखून वाजव

प्रिय बाय,

तुझ्या सॅक्सोफोनच्या आल्बमचे अकराही ट्रॅक ऐकले, 68 मिनिटं सलग. सोबतचं पत्रही वाचलं. ‘फारच शांत झालंय, लोक कंटाळतील, दोन जलद गाणी घालू का, एखादा गायक बोलावू का?’

गायक नको, जलद गाणीही नकोत. तुझं वाजवणं शांत आहे म्हणून कंटाळा येत नाही. प्रत्येक ओळ तू श्वासाच्या अगदी टोकापर्यंत ताणतेस, त्यामुळे ऐकणाराच गुदमरतो. लग्नाच्या हॉलमध्ये आणि किनाऱ्यावरच्या हॉटेलात वाजवून ही सवय लागते. तिथे लोक बोलत असतात, ताटं वाजत असतात, एक बार, म्हणजे चार मात्रांचा तुकडा, रिकामा गेला तर वादक चुकला असं वाटतं. म्हणून आपण भरत सुटतो. आल्बमसाठी वाजवताना ही सवय मोडावीच लागते.

दम राखून वाजव. छातीत एक तृतीयांश हवा शिल्लक असतानाच ओळ संपली पाहिजे.

हिशोबच मांडते. मिनिटाला 60 मात्रांची लय धर. चार बारची ओळ म्हणजे 16 सेकंद. अकराव्या मात्रेवर थांब आणि उरलेल्या पाच मात्रा पियानोला दे. तू पंधराव्या मात्रेपर्यंत जातेस. तिथे हवेचा दाब पडतो, तो सावरायला जबडा आवळला जातो, स्वर चढतो आणि पातळ होतो. तुला वाटतं रीड, ती तोंडाशी लावलेली वेताची पट्टी, वाईट आहे. रीड ठीक आहे, हवा संपली आहे. माझी जुनी रेकॉर्डिंगं मी कुणाला लावून दाखवत नाही ती याच कारणासाठी. प्रत्येक ओळीच्या शेवटी आवळलेला जबडा ऐकू येतो आणि आता तो काढता येत नाही.

टेनर सॅक्सोफोनच्या खालच्या स्वरांवर, लो बी-फ्लॅटपासून डीपर्यंत, तुला तो धूसर, हवा मिसळलेला आवाज, सबटोन, हवा आहे. जबडा किंचित मागे आणि सैल, खालचा ओठ जरासा बाहेर, घसा उघडा. आवाज हळू असला तरी सबटोन हवा जास्त खातो. म्हणजे इथे ओळ आणखी आखूड हवी. व्हायब्रेटो, म्हणजे स्वराचा कंप, स्वर लागताक्षणी सुरू करू नकोस. स्वर सरळ धर, शेवटच्या मात्रेवर हलव. रोज वीस मिनिटं फक्त लांब स्वर: आठ मात्रा फुंक, चार मात्रा गप्प. त्या गप्प मात्राही मोजायच्या, त्या चुकवल्यास तर बाकीचा रियाज व्यर्थ.

गाण्याचे शब्द पाठ आहेत का? मांडो, ते आपलं गोव्याचं संथ गीत, घेतलास तर कोंकणी शब्द म्हणून बघ, त्यात श्वास कुठे पडतो ते कळेल. जॅझचा टेनर वादक लेस्टर यंग शब्द ठाऊक असण्याचा आग्रह धरायचा तो उगाच नाही.

आता लांबी. 32 बारचं गाणं या लयीत एकदा वाजवायला 2 मिनिटं 8 सेकंद लागतात. एकदा चाल, एकदा सोलो, मग अर्धी चाल: 5 मिनिटं 20 सेकंद. अशी आठ गाणी म्हणजे 43 मिनिटांच्या आत आल्बम संपला. तू तीन-तीन सोलो घेतलेस, त्यातला दुसरा पहिल्याचंच बोलतो आणि तिसरा दमतो. आपल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकरांची भैरवी 1977 साली व्हॉएजर यानाबरोबर अंतराळात गेली, ती साडेतीन मिनिटांची आहे आणि त्यात कुठेही घाई नाही. तू अकरातली तीन गाणी काढ. कुठली ते तुला माहीत आहे, मला विचारू नकोस.

पावसाळ्यात रेकॉर्डिंग करू नकोस. कौलांवरचा पाऊस माइकमध्ये येतो, रीडचं टोक लाटेसारखं वाकतं, जी-शार्पच्या छिद्रावरचं पॅड चिकटतं. प्रत्येक टेकआधी ती कळ एकदा दाबून पॅड सुटतंय का बघ; चिकटत असेल तर सिगारेटचा पातळ कागद खाली धरून पॅड हलकेच दाब, कागद ओढू नकोस. वाजवण्याआधी गोड पेय नको, साखर थेट पॅडवर बसते. दहा रीडच्या पेटीतून तीन-चार चांगल्या निघतात. त्यांना नंबर घाल, आलटूनपालटून वाजव, सपाट काचेवर वाळव.

एसी लावलेल्या खोलीत थंड हॉर्न, म्हणजे सॅक्सोफोन, सुरात खाली उतरतो. हवा एक अंशाने गार झाली की साधारण तीन सेंट (अर्ध्या स्वराचे शंभर सेंट). म्हणून पंधरा मिनिटं वाजवून हॉर्न गरम कर, मगच पियानोशी जुळव. टेकच्या मध्ये सगळ्या कळा बंद करून नुसती ऊब फुंकत राहा.

माइक बेलच्या, म्हणजे हॉर्नच्या रुंद कर्ण्याच्या, तोंडात घालू देऊ नकोस, इंजिनिअर कितीही म्हणाला तरी. बहुतेक स्वर उघड्या छिद्रांतून बाहेर पडतात, बेलमधून मुख्यतः अगदी खालचे. माइक आत गेला की लो बी ओरडतो आणि मधले स्वर हरवतात. हातभर लांब, बेलच्या काठाच्या वर, डाव्या हाताच्या बोटांकडे रोखलेला ठेव. ध्वनिपातळीचं टोक उणे 12 डेसिबलच्या वर जाऊ देऊ नकोस. तिथेही दम राखायचाच. तुझे श्वास कापायचे नाहीत हे आधीच सांगून ठेव. ते कापले तर तू सोडलेली जागा रिकामी वाटेल, घेतलेली वाटणार नाही.

सगळे एकाच खोलीत बसा, कानात लय मोजणारी क्लिक नको, ड्रमरच्या हातात ब्रश. एका गाण्याचे तीन टेक, चौथा नाही. यावरून मला हट्टी म्हणतात, म्हणू देत. चौथ्या टेकला ओठ थकलेला असतो आणि माणूस तिसऱ्याची नक्कल करायला लागतो. तीन टेकमध्ये गाणं आलं नाही तर ते अजून पिकलेलं नाही, ठेवून दे. तुकडे जोडून बनवलेला सोलो मला लगेच कळतो, कारण त्यात श्वासाचा हिशोब जुळत नाही. हे मी अतिशयोक्ती करून सांगत नाही, तुझ्या सहाव्या ट्रॅकमध्ये 3 मिनिटं 40 सेकंदांवर तो जोड आहे. तिथे एवढी लांब ओळ कोणाच्याच छातीत मावत नाही.

नोव्हेंबरात ये. चिऱ्याच्या भिंतींची ती मोठी खोली तेव्हा कोरडी असते. पहाटे पोदेराचा, पाववाल्याचा, भोंगा येतो, म्हणून रात्री दहानंतर बसू, पंखे बंद करून. आठ गाणी ठरवून आण, नंबर घातलेल्या चार रीड आण. आणि सहावं गाणं तोवर दहा वेळा नुसतं गाऊन बघ, हॉर्न पेटीतच राहू दे.

तुझी,
बाई