मिंटला विंडोजचा पेहराव

प्रश्न : वडिलांच्या जुन्या लॅपटॉपवर (४ जीबी रॅम) विंडोज ११ चढत नाही, म्हणून लिनक्स मिंटची सिनॅमन डेस्कटॉप असलेली आवृत्ती टाकली. त्यांना सगळे विंडोज १०सारखेच हवे आहे. नेटवरून थीम उतरवून घेतली, पण ती यादीत दिसतच नाही. काय चुकले असेल?
– एक वाचक, सांगली

उत्तर : बहुधा फोल्डरात फोल्डर झाला आहे. झिप उघडली की बाहेर एक फोल्डर, त्याच्या आत त्याच नावाचा दुसरा आणि खरी थीम त्या दुसऱ्यात, असे हमखास होते. होम फोल्डर उघडून कंट्रोल-एच दाबा, म्हणजे लपलेले फोल्डर दिसतील. त्यांत नावाआधी टिंब असलेला ‘थीम्स’ फोल्डर शोधा, नसेल तर तयार करा. त्यात ठेवलेला थीमचा फोल्डर उघडल्याबरोबर ‘इंडेक्स डॉट थीम’ ही फाइल समोर दिसली पाहिजे. त्याऐवजी आणखी एक फोल्डर दिसला, तर तो आतला फोल्डर एक पायरी वर आणा. आयकॉनचा संच मात्र इथे टाकू नका. त्याची जागा टिंबवाल्या ‘आयकॉन्स’ फोल्डरात.

आता सेटिंग्जमधल्या ‘थीम्स’मध्ये जाऊन प्रगत सेटिंग्ज उघडा. अ‍ॅप्लिकेशन, आयकॉन आणि डेस्कटॉप यांची निवड तिथे वेगवेगळी करायची असते. ‘डेस्कटॉप’च्या यादीत थीम येण्यासाठी तिच्यात ‘सिनॅमन’ नावाचा उपफोल्डर लागतो. पुष्कळ थीममध्ये तो नसतो. मग खिडक्यांचे रूप बदलते आणि खालची पट्टी जशीच्या तशी राहते. काही बिघडलेच तर इथूनच मूळची ‘मिंट-वाय’ निवडा. पट्टी गोठली तर कंट्रोल-ऑल्ट-एस्केपने सिनॅमन नव्याने सुरू होते आणि उघडे काम बंद पडत नाही.

पण थीमच्या आधी, हाताला सवय असलेल्या गोष्टी नीट करा. वडील निळ्या छटेवरून अडणार नाहीत, विंडोज बटण आणि एल एकदम दाबल्यावर स्क्रीन लॉक झाली नाही की अडतील. सिनॅमनमध्ये त्या जोडीने ‘लुकिंग ग्लास’ ही प्रोग्रॅमरांच्या कामाची खिडकी उघडते. कीबोर्डच्या शॉर्टकटांच्या यादीत ती जोडी लुकिंग ग्लासवरून काढा आणि ‘लॉक स्क्रीन’ला द्या. विंडोज-ई आणि विंडोज-डी आधीपासूनच ओळखीचे काम करतात.

पट्टी मुळातच खाली असते आणि उंची ४० पिक्सेल, म्हणजे विंडोज १०च्या टास्कबारइतकीच. तिला हात लावू नका. मेनू बदलायचा तर सेटिंग्जमधल्या अ‍ॅपलेट्सच्या (पट्टीवर बसणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमांच्या) डाउनलोड विभागातून ‘सिनॅमेन्यू’ घ्या आणि जुना मेनू पट्टीवरून काढून टाका. दोन्ही ठेवलेत तर विंडोज बटणाने कुठला उघडेल याचा भरवसा नाही.

लिब्रे ऑफिसमध्ये ‘व्ह्यू’ मेनूतील ‘युजर इंटरफेस’मधून ‘टॅब्ड’ निवडले की एमएस ऑफिससारखी पट्टी येते. ‘टूल्स’मधील ‘ऑप्शन्स’मध्ये ‘लोड/सेव्ह’च्या ‘जनरल’ पानावर फाइल वर्डच्या प्रकारात साठवण्याचे कायमचे ठरवून टाका, नाहीतर वडिलांनी तयार करून पाठवलेली प्रत्येक नवी फाइल समोरच्याला ओडीटी या लिब्रे ऑफिसच्या स्वतःच्या प्रकारात जाईल. कॅलिब्री आणि कँब्रिया हे फाँट मिंटबरोबर येत नाहीत. त्यांच्या जागी कार्लिटो आणि कॅलाडिया वापरा. या जोड्यांत अक्षरांची रुंदी सारखी असल्याने ओळी इकडच्या तिकडे होत नाहीत.

इतके करूनही दोन-चार खिडक्या वेगळ्याच दिसतील. फ्लॅटपॅक या वेगळ्या पॅकिंगमधून आलेले प्रोग्रॅम आपापल्या कुंपणात चालतात. त्यांना होम फोल्डरातली थीम एरवी दिसत नाही. ‘लिबअद्वैता’ या ग्नोम डेस्कटॉपच्या संचावर बांधलेले प्रोग्रॅम तर बाहेरची थीम सहसा मानत नाहीत. त्यांच्यामागे लागण्यात वेळ घालवू नका.

एक आगंतुक सल्ला : मेनूच्या बटणावर मिंटचेच चिन्ह राहू द्या. हुबेहूब विंडोज दिसले की वडील नेटवरून ‘ईएक्सई’ उतरवून त्यावर क्लिक करत बसतील आणि ‘चालत नाही’ म्हणून फोन तुम्हालाच येईल.

प्रश्न : लिनक्सच्या एक्सएफसीई डेस्कटॉपला मॅकसारखे केले. वरची पट्टी, खाली प्लँक या प्रोग्रॅमचा डॉक (आयकॉनांची रांग), सगळे जमले. पण डॉकच्या वर स्क्रीनभर एक आडवी फिकट रेघ दिसते. ग्राफिक कार्ड खराब झाले का?
– एक वाचक, पणजी

उत्तर : कार्ड ठणठणीत आहे. ती रेघ म्हणजे सावली. डॉक छोटा दिसला तरी प्लँकची पारदर्शक खिडकी स्क्रीनच्या पूर्ण रुंदीची असते आणि एक्सएफसीई त्या अख्ख्या खिडकीला सावली देते. ‘विंडो मॅनेजर ट्वीक्स’मधील ‘कंपोझिटर’ टॅबवर जा आणि डॉक खिडक्यांखाली सावली दाखवण्याच्या पर्यायावरची खूण काढा. रेघ तत्क्षणी जाते. सावल्या आणि पारदर्शकता दाखवणारा कंपोझिटरच बंद करू नका, त्याने डॉकमागे काळा पट्टा येतो.

प्लँकची सेटिंग्ज सापडत नसतील तर कंट्रोल दाबून डॉकवर राइट क्लिक करा. खिडकीची बटणे डावीकडे न्यायला ‘विंडो मॅनेजर’च्या ‘स्टाइल’ टॅबवर तळाशी मांडणी आहे, तिथे ती ओढून लावा. एक्सएफसीईत खिडकीच्या चौकटीची थीम इथे आणि आतल्या भागाची ‘अपिअरन्स’मध्ये, अशी दोन ठिकाणी निवडावी लागते. एकच बदलली की रूप अर्धवट दिसते. लॉगिन करताना वेलँड या नव्या चित्रव्यवस्थेचे सत्र मात्र निवडू नका, प्लँक जुन्या एक्स११वरच चालतो.

प्रश्न : लिनक्सच्या केडीई प्लाझ्मा डेस्कटॉपवर ‘ग्लोबल थीम’ने एका क्लिकमध्ये सगळे बदलते म्हणतात. मग एवढा खटाटोप कशाला?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : बदलते खरे, पण ग्लोबल थीम म्हणजे नुसती चित्रे आणि रंग नव्हेत, तिच्यासोबत चालणारा कोडही येऊ शकतो. मार्च २०२४मध्ये अशाच एका थीममुळे एका वापरकर्त्याच्या फाइल पुसल्या गेल्या आणि त्यानंतर केडीईने सावधगिरीची जाहीर सूचना दिली. तेव्हा प्लाझ्मासोबत येणाऱ्या ‘ब्रीझ’वर राहून रंगसंगती, आयकॉन आणि पट्टी एकेक करून बदला. बाहेरची ग्लोबल थीम घ्यायचीच असेल तर आधी होम फोल्डरची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढा आणि ती डिस्क काढून ठेवा. जोडलेली राहिली तर तिच्यावरच्या फाइलही त्याच धोक्यात असतात.

प्रश्न : आमच्या छापखान्यात जुने डीटीपी सॉफ्टवेअर आहे. लिनक्सला विंडोजचे रूप दिले तर ते चालेल का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : नाही. लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या ‘वाइन’मधून एखादा प्रोग्रॅम चालून जातो, पण हार्डवेअर लॉक (संगणकाला जोडायची किल्ली) असलेली आवृत्ती असेल तर त्यावर विसंबू नका. त्या कामापुरता एक विंडोज संगणक इंटरनेट काढून तसाच ठेवा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर त्याच संगणकावर युनिकोडमध्ये रूपांतरित करून मग लिनक्सवर आणा. रूपांतरानंतर रफार आणि पोटातली जोडाक्षरे आधी तपासा, बहुतेक चुका तिथेच निघतात.